आठ वाजताचा दुसरा घोट

१

आमच्या घरात वेळा दोनच. सकाळचे आठ आणि संध्याकाळचे आठ. बाकीचा दिवस त्या दोन वेळांच्या मध्ये कसाही पसरलेला असतो. आठला पाच कमी असताना माझ्या फोनचा अलार्म वाजतो, मग स्वयंपाकघरातून आईच्या फोनचा, मग अंगणातून बाबांच्या फोनचा. आई उकळून गार केलेलं पाणी स्टीलच्या पेल्यात आणून स्टुलावर झाकून ठेवते. मी कॅप्सूल तळहातावर घेते. हाताला कंप असतो, म्हणून दुसऱ्या हातानं मनगट धरते. गिळते. पेला ठेवते. संपलं.

माझं नाव शिवानी. वय पंचवीस. बी.एस्सी. पांढुर्ण्याहून केली, बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला दोन्ही किडन्या गेल्या. जानेवारीत नागपूरला आईची एक किडनी माझ्या पोटात बसवली. उजव्या बाजूला, खाली. हात ठेवला की लागते.

सुट्टी देताना डॉक्टरांनी आम्हा तिघांना समोर बसवून सांगितलं होतं. शरीराला आपलं कोण, परकं कोण ते कळतं. परकं दिसलं की ते हाकलायला धावतं. आईची असली तरी किडनी परकीच. ती परकी आहे हे शरीराला कळू नये म्हणून ही गोळी, जन्मभर, एक वेळही न चुकवता. मी वहीत उतरवून घेत होते. आई नुसती ऐकत होती.

घरी, सौंसरला आल्यावर समोरची बैठक माझी खोली झाली. भिंतींना फिक्का हिरवा ऑइलपेंट, रोज पुसता यावा म्हणून. पडदे काढले. एक पलंग, एक स्टूल, कोपऱ्यात बाबांची शाळेतून आल्यावर बसायची खुर्ची. भेटायला येणाऱ्यांनी उंबऱ्याबाहेरूनच बोलायचं.

मी मुळातच भित्री. कुकरची शिट्टी झाली, पाल पडली, कोणी मागून हाक मारली की दचकते. बाबा रामाकोन्याला मास्तर आहेत, ते खोलीत यायच्या आधी दारातून खाकरतात आणि शाळेतल्या पोरांसारखं 'मे आय कम इन, मॅडम' विचारतात. घरातली जुनी थट्टा आहे ही.

हे सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात कित्येक महिने मी एकदाही दचकले नाही. मला सगळ्यात जास्त तेच खटकतं.

२

आईत बदल झाला होता तो मला उशिरा दिसला. फिनाईलनं दिवसातून दोनदा फरशी पुसायची, दाराची कडी डेटॉलनं पुसायची. जंतू मारायची, पण कोणालाच 'जा' म्हणायची नाही. ओट्यावर चढलेल्या मांजरीला हातानं उचलून खाली ठेवायची, हाड म्हणायची नाही. चादरी विकणारा भरदुपारी पायरीवर येऊन बसला तर तो उठेपर्यंत दार उघडं ठेवायची. माझी नजर उतरवणं तिनं बंद केलं. पूर्वी मीठमोहरीशिवाय तिचा शनिवार जात नव्हता.

मग पोळा आला. आमच्याकडे पोळ्याला दाराच्या दोन्ही बाजूंना पळसाच्या फांद्या लावतात, आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच त्या काढून, खोकला जा, ताप जा, घरातलं असेल नसेल ते सगळं जा, असं ओरडत गावाच्या शिवेबाहेर फेकून येतात. मारबत काढायची म्हणतात. मग अर्धी गल्ली पांढुर्ण्याला गोटमारीची दगडफेक बघायला जाते. मी लहान असताना या ओरडण्यालाही घाबरून आईच्या कमरेला धरून चालायची.

त्या पहाटे गल्ली ओरडत निघाली. आमचं दार बंद. समोरच्या अंबामावशीनं खिडकीतून आईला हाका मारल्या, मग फाटकाशीच आली. पासष्ट वर्षांची बाई, जीभ धारेची.

'काऊन वो उषाबाई, तुमच्या दारचा पळस इथंच? बीमार पोरगी घरात, तुम्ही तं पयले काढा लागते.'

आई म्हणाली, यंदा नाही काढायचा. या घरातून यंदा काहीच हाकलायचं नाही.

'कायले?'

'डॉक्टरनं सांगितलं,' आई म्हणाली. 'परक्याले जा म्हनायचं नाही. शिवानीच्या आंगानं नाही म्हनायचं, तं घरानं तरी कसं म्हनावं?'

मी आतून ओरडून सांगितलं की आई, डॉक्टर पांढऱ्या पेशींबद्दल बोलत होते. आईनं वळून माझ्याकडे पाहिलं. पेशी असोत की माणसं, सवय एकच असते, असं काहीसं ती हळू म्हणाली. बाबा दाढी करत होते. ऑपरेशनपासून आईच्या म्हणण्याला बाबा काही बोलत नाहीत.

अंबामावशी हसली. म्हणाली, समद्या गल्लीनं आपापलं हाकललं, ते का आता नागपूरची बस धरते? जिथं कोनी जा म्हनत नाही, तिथीच ते येईन. मग आपल्या फांद्या घेऊन ती बाकीच्यांच्या मागे गेली. आवाज नाल्याकडे लांब लांब गेला आणि एका ठिकाणी थांबला.

त्या दिवशी घरात काहीच झालं नाही. मी आठवून आठवून पाहिलं आहे.

३

चार-पाच दिवसांनी असेल. सकाळचे आठ. मी गिळलं, पेला ठेवला, आणि खोलीत कोणीतरी घोट घेतला.

मोठा आवाज नव्हता. आपण कोरड्या घशानं गोळी गिळतो तेव्हा घशात जो होतो, तेवढाच. माझ्या उजव्या हाताला, पलंगाच्या पायथ्याकडून आला. आई स्वयंपाकघरात होती, तिच्या बांगड्या ऐकू येत होत्या. बाबा गाडी पुसत होते.

मी पायथ्याकडे पाहिलं. चादर होती. मी मास्क वर केला आणि पुस्तक उघडलं.

एक पान वाचून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी दचकले नव्हते. छातीत धडधड नाही, हातांवर काटा नाही. त्याच वेळी बाहेर बाबांच्या हातून पाना पडला, तर मी पलंगावर टणकन उडाले. म्हणजे दचकणं शाबूत होतं. त्या घोटासाठी मात्र ते उठलं नव्हतं.

संध्याकाळी आठला पुन्हा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. माझ्या घोटानंतर साधारण दोन आकडे मोजावे एवढ्या वेळानं.

४

मी शास्त्र शिकलेली मुलगी आहे. मी विचार केला की गिळल्यावर कानाच्या आत हवा सरकते, तिचा आवाज होतो. औषधानं कंप येतो, झोप उडते, तर कानाचंही काही होत असेल. औषधासोबतच्या कागदावर बारीक अक्षरात दुष्परिणामांची यादी असते, ती मी भिंगानं वाचली. कानात आवाज येणं त्यात होतं. मला बरं वाटलं.

तरी खात्री म्हणून कानात कापूस घालून पाहिला. कापूस असताना माझा स्वतःचा घोट मोठा ऐकू आला, आणि दुसरा अजिबात नाही. म्हणजे तो कानाच्या आत होत नव्हता.

मग फोनवर रेकॉर्ड केलं. फोन उशीवर ठेवला. पंख्याची घरघर, अलार्म, पाण्याच्या पेल्यावरचं झाकण काढल्याचा आवाज. मग पेला स्टुलावर ठेवल्याची टण्. मग एक घोट. एकच.

मी तीनदा ऐकलं. पेला खाली ठेवल्यानंतरचा घोट होता. त्याच्या आधीचा, माझा, कुठेच नव्हता.

फोनचा माइक माझ्या तोंडापासून लांब असेल, असं मी ठरवलं. बाबांना ऐकवावं म्हणून त्यांना बोलावलं. ते खाकरून, विचारून आत आले, ऐकलं, म्हणाले, काय आहे बेटा यात, तू औषध घेऊन राहिली. आणि पलंगाच्या पायथ्याशी उभेच राहिले. त्यांची खुर्ची कोपऱ्यात रिकामी होती. मी म्हटलं बसा ना बाबा. ते म्हणाले, नाही, इथंच बरं आहे.

५

महालक्ष्म्या झाल्यावर अंबामावशी प्रसादाची पुरणपोळी घेऊन आली. आई परसात होती. मावशी चपला काढून सरळ आत आली, माझ्या दाराशी पोचली, तोंडानं काही थट्टा सुरूच होती, सून भल्ली आळशी आहे असं काहीतरी. उंबऱ्यात तिनं पाय ठेवला आणि तिचा हात वर गेला. पदर डोक्यावर घेतला. नाकापर्यंत ओढला. थट्टा अर्ध्यातच राहिली.

आमच्या गल्लीत तिच्याहून मोठं कोणी नाही. मी तिला डोक्यावर पदर घेतलेलं कधी पाहिलं नव्हतं. ती खाली बघत मागे सरकली, पाठ न फिरवता, आणि पुरणपोळीचं ताट स्वयंपाकघराच्या दारात ठेवून निघून गेली.

मी मागोमाग फाटकापर्यंत गेले. विचारलं, मावशी, काय झालं? ती पदर खाली घेत होती. तिलाही नक्की सांगता येत नसावं.

'बसले होते ना,' ती म्हणाली.

'कोण?'

'मले काय मालूम. तुमच्या घरचे. मोठ्या मानसासमोर पदर आपोआप जाते वरतं.' मग म्हणाली, 'तुले नाही दिसत का वो?'

मी नाही म्हटलं. ते खरं होतं.

दुपारी आई फरशी पुसायला आली तेव्हा मी लक्ष ठेवलं. तिनं उंबऱ्याबाहेर बादली ठेवली, पदर डोक्यावर घेतला, मग आत आली. पलंगाच्या पायथ्याजवळ आल्यावर फडकं वळसा घालून गेलं. एक हातभर जागा कोरडी राहिली. मी विचारलं, आई, तू पदर कशाला घेतेस खोलीत? तिनं हात डोक्याला लावून पाहिला, जणू तिलाही आताच कळलं. म्हणाली, पंख्याचं वारं लागते.

६

त्या रात्री मी ठरवलं की हे बंद करायचं. भीतीनं नव्हे. भीती मला वाटतच नव्हती, आणि भित्र्या माणसाला भीती वाटत नाही म्हणजे कुठेतरी काहीतरी बंद पडलंय, एवढं मला हिशेबानं कळत होतं.

अंबामावशीला फोन केला. ती आमच्या घरात पाय ठेवायला तयार नव्हती. म्हणाली, ज्याच्या घरचं त्यानंच काढा लागते, दुसऱ्यानं काढलेलं जात नाही. पळस काढ, शिवेबाहेर टाक, तोंडानं साफ जा म्हन, आणि येतानी मागं पाहू नको. बाकी मले इचारू नको.

गुरुवारी आई बँकेत गेली. बाबा शाळेत. दुपारचे साडेबारा. दाराच्या चौकटीवरचा पळस वाळून तपकिरी झाला होता, हात लावताच पानांचा चुरा झाला. मी दोन मास्क लावले, हातमोजे घातले आणि फांद्या घेऊन नाल्याकडे निघाले. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच एकटी एवढी चालत होते. रस्त्यात कोणी नव्हतं. कपाशीच्या शेताच्या कडेला, नाल्याच्या पलीकडे मी फांद्या फेकल्या आणि म्हटलं, जा. आवाज अगदी साधा निघाला, रिक्षावाल्याला सांगावं तसा. पुन्हा म्हटलं, आमच्या घरातून जा.

परत आले. खोली नुसती खोली होती. तिच्यात जागा जास्त झाली होती, सामान हलवल्यावर होते तशी.

संध्याकाळी आठला मी गिळलं. दोन आकडे मोजले. चार मोजले. दहा. पंखा फिरत होता. मला रडू आलं, बऱ्याच दिवसांनी. बाबांनी दारातून विचारलं, मे आय कम इन, मॅडम, आणि आत येऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले.

तीन दिवस असे गेले.

चौथ्या दिवशी सकाळी पोटाच्या उजव्या बाजूला जडपणा वाटला. दुपारी ताप. लघवी मोजायच्या भांड्यात नेहमीच्या निम्मी. सौंसरला रक्त दिलं. किडनीचं काम मंदावलं की चढतं ते क्रिएटिनिन, नेहमी एक पूर्णांक एक येणारं, एक पूर्णांक नऊ आलं.

७

नागपूरच्या वॉर्डात तीन दिवस शिरेतून इंजेक्शनं चालली. डॉक्टरांनी तीनतीनदा विचारलं, डोस चुकला का, उलटी झाली का, कोणतं गावठी औषध घेतलं का. नाही, नाही, नाही. औषधाची रक्तातली पातळी बरोबर होती. कधी कधी असं होतं, ते म्हणाले, शरीर अचानक ओळखतं. त्यांनी डोस वाढवला. दोनाच्या जागी तीन कॅप्सूल. आकडा उतरला नाही तर पुढे काय, ते त्यांनी बाबांना बाहेर नेऊन सांगितलं. बाबा परत आले तेव्हा त्यांनी चष्मा पुसायला काढला आणि बराच वेळ घातला नाही.

दुसऱ्या दिवशी आकडा आणखी चढून दोन झाला.

आई माझ्या पलंगाशेजारी बसून होती. तिनं सरळ विचारलं, दारचा पळस कोनं काढला.

मी सांगितलं. सगळं सांगितलं, घोटापासून. वाटलं होतं की ती घाबरेल, किंवा रागावेल, किंवा मला वेडी ठरवेल. ती ऐकत राहिली, जशी डॉक्टरांचं ऐकत होती.

'मी नाही पाह्यलं त्याईले कधी,' ती म्हणाली. 'पन ते होते तवर तुझे आकडे चांगले होते. मले तेवढंच कळते.'

मी म्हटलं, आई, याचा त्याच्याशी काही संबंध नाही. हे दोन वेगळे विषय आहेत. माझाच आवाज मला शाळेत धडा म्हणणाऱ्या पोरीसारखा वाटला.

'असन वेगळे.' तिनं माझ्या पोटावर, उजव्या बाजूला, हात ठेवला. 'शिवा, दुसऱ्यांदा द्याले माझ्याजवळ नाही आता. एकच उरली, ते देता येत नाही. तूनं जा म्हटलं नं. तूच या म्हन.'

८

सुट्टी मिळाली तेव्हा क्रिएटिनिन एक पूर्णांक आठवर अडकलं होतं. आठवड्यानं पुन्हा तपासायचं होतं, आणि वर गेलं तर पुन्हा भरती व्हायचं होतं. आई आदल्या दिवशीच पुढे घरी गेली होती; बसमध्ये मी आणि बाबा दोघंच. सौंसरला उतरल्यावर ते मला घरी घेऊन गेले नाहीत. स्टँडवरून गाडी काढली, मला मागे बसवलं आणि नाल्याकडे नेलं. म्हणजे आईनं त्यांनाही सांगितलं होतं.

दुपारचे तीन. शेजारच्या बागेत संत्र्याचा तोडा चालू होता, ट्रकमध्ये कॅरेट चढवल्याचे आवाज येत होते. बाबा गाडीजवळ पाठ करून उभे राहिले. हेल्मेट काढलं नाही. विज्ञान शिकवणारा माणूस, बावीस वर्षं. मला त्यांच्या पाठीकडे बघून वाईट वाटायला हवं होतं. वाटलं की नाही, सांगता येत नाही. वाढलेल्या डोसनं सगळं कापसातून आल्यासारखं होतं.

पलीकडे माझ्या फांद्या पडल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघून म्हटलं, 'या.'

कपाशी हलत होती, पण वाराही होता.

'माझं चुकलं,' मी म्हटलं. 'घरी या.'

परत येताना बाबांनी गाडी अगदी हळू चालवली. मी नेहमी मागे ऐसपैस बसते. त्या दिवशी पूर्ण रस्ताभर मी त्यांच्या पाठीला चिकटून बसले होते, मागे जागा सोडून. हे घरी उतरल्यावर लक्षात आलं. आईनं दोन्ही पल्ले सताड उघडे ठेवले होते आणि ती पदर घेऊन बाजूला उभी होती.

संध्याकाळी आठला मी तीन कॅप्सूल गिळल्या. एक. दोन. आणि घोट आला.

आठवड्यानं क्रिएटिनिन एक पूर्णांक तीन. पुढच्या आठवड्यात एक पूर्णांक एक. इंजेक्शनांचा परिणाम उशिरा दिसला, बाबा म्हणाले. हो, मी म्हणाले. आई म्हणाली, हो.

त्यानंतरचे तीन महिने मला नीट आठवत नाहीत. काही वाईट झालं नाही. घरात एक जण जास्त असल्यासारखं होतं आणि त्याचं कोणाला काही वाटत नव्हतं. आई चार पेले विसळायची. अंबामावशी रस्ता ओलांडून पलीकडून जायची. मी वाचायचे, गिळायचे, झोपायचे. बी.एड.चा फॉर्म पुन्हा भरला.

९

जानेवारीत वर्ष पूर्ण झालं. तपासण्या उत्तम. फक्त औषधाची पातळी जरा जास्त होती. माझा हात कागदावर सही करताना एवढा हलत होता की डॉक्टरांनी स्वतः तो धरला. हसून म्हणाले, आता एवढी गरज नाही, शरीरानं स्वीकारलं आहे, आपण कमी करू. तीनाच्या जागी दोन, मग पंधरा दिवसांनी दीड, म्हणजे एक नेहमीची कॅप्सूल आणि एक अर्ध्या ताकदीची. मी विचारलं, कमी नाही केलं तर? त्यांना वाटलं मी घाबरले आहे. म्हणाले, कमी केल्यानं तुम्हाला मोकळं वाटेल.

दोन कॅप्सूलवर पहिले काही दिवस काहीच फरक नव्हता. मग हाताचा कंप कमी झाला. मग एका सकाळी आईनं पोहे आणले आणि मला कढीपत्त्याचा वास आला, आणि इतके महिने तो आला नव्हता हे कळलं.

दीड सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी दुपारी मी पडले होते. पायांना रग लागली म्हणून ताणायला गेले आणि ताणले नाहीत. तेव्हा कळलं. मी पोळ्यापासून पाय पोटाशी दुमडून झोपत होते. साडेपाच फुटांची बाई, सहा फुटांचा पलंग, आणि खालचा अडीच फूट भाग मी एकदाही वापरला नव्हता. चादरीला वरच्या भागात सुरकुत्या होत्या. खालचा भाग दाबून गुळगुळीत झाला होता.

हातांवर काटा आला. वर्षभरात पहिल्यांदा, आणि तो हळूहळू मानेपर्यंत चढला.

मी आईला काही बोलले नाही. बोलून काय सांगणार होते? फोनमध्ये डॉक्टरांचा नंबर काढला. डोस वाढवा म्हटलं तर कारण विचारतील. नंबर ठेवून दिला.

काल सकाळी आठ वाजता आई पाणी ठेवून गेली. उन्हाचा पट्टा खिडकीतून पलंगाच्या पायथ्यावर पडला होता. मी गिळलं. या वेळी हात हलला नाही. पेला ठेवला आणि आकडे मोजत मान तिकडे वळवली. वळवायची नव्हती.

मला सगळं दिसलं नाही. पाठ दिसली, माझ्याकडे केलेली, आणि वाकलेली मान. केसांना तेल होतं, नीट चोपडून लावलेलं. आईच्या बाटलीतल्या तेलाचा वास आला. मान मागे झाली आणि गळ्यातलं हाड वर जाऊन खाली आलं.

घोट ऐकू आला आणि मी दचकले. अशी दचकले की डोकं भिंतीला आपटलं, तोंडातून आवाज निघाला. आणि त्या आवाजानं ती पाठ ताठ झाली. कोणी आपल्याला ओळखलं, आता इथं थांबायला नको, असं परक्या घरी बसलेल्या माणसाला वाटतं, तशी. पायथ्याची गादी वर येऊ लागली. ते उठत होते.

माझ्या पोटात उजव्या बाजूला कळ निघाली.

घशात एकच शब्द होता आणि तो ओरडायला सगळं अंग तयार होतं. सगळं अंग, वर्षभर झोपलेलं, एकदम. मी दातांवर दात दाबले. स्वयंपाकघरात आईच्या बांगड्या थांबल्या होत्या, ती ऐकत होती. मी पाय न पसरता, गुडघ्यांवर, चादरीवरून पुढे सरकले आणि डोळे मिटून हात पुढे केला.

मनगट हाती लागलं. गार असेल असं वाटलं होतं. नव्हतं. ताप आल्यासारखं ऊन होतं, आणि हलत होतं, माझं हलायचं तसं. मी ते घट्ट धरलं.

'बसा,' मी म्हटलं. 'कुठं जाता? बसा ना.'

गादी हळूच पुन्हा दबली.